तळहातावरचं फडकं

माझ्या डोक्यातून जन्मात एकच शहाणपणाची गोष्ट निघाली असं आमच्या गावातले लोक म्हणायचे, आणि मलाही तसंच वाटायचं. ती गोष्ट म्हणजे, 'पाय देवीचे, घागर आपली.' एवढे चार शब्द बोलून मी गावातलं एक मोठं भांडण मिटवलं होतं. चावडीत म्हाताऱ्या माणसांनी माना डोलवल्या, पाटलानं स्वतःच्या हातानं पान लावून दिलं. आज कुणी माझ्यासमोर ते चार शब्द उच्चारले तर माझ्या मस्तकात तिडीक जाते. लोकांना वाटतं मास्तर म्हातारपणी चिडका झालाय. चिडका मी पहिल्यापासूनच होतो. पण ह्या चिडण्याचं कारण वेगळं आहे, आणि ते मी अजून कुणाला धड सांगितलेलं नाही.

आमचं गाव औराद तालुक्यातलं. घरात मराठी, बाजारात कानडी, कचेरीत उर्दू, आणि सुगीला पलीकडच्या शिवारातली माणसं आली की थोडी तेलुगू. आज्यापर्यंत आमच्याकडं मेंढरं होती. बापानं ती विकून जमीन धरली आणि मला शाळेत घातलं. मी बिदरला शिकलो आणि निजाम सरकारच्या शाळेत मास्तर होऊन गावातच परत आलो. शिकवायचो उर्दूत, विचार करायचो मराठीत, आणि पोरं मला मागून शिव्या द्यायची त्या कानडीत. राग सदा माझ्या नाकावर. खडू मोडला तरी मी अर्धा तास धुमसत असे.

गावाला पाणी एका बारवेचं. तांबड्या जांभ्या दगडात खोदलेली, बावीस पायऱ्यांची. शेवटच्या पायऱ्या पाण्यातच बुडालेल्या असायच्या आणि तिथंच बाजूच्या कोनाड्यात देवी. तिला कुणी नावानं हाक मारत नसे, नुसतं 'बारवेची आई' म्हणत. बाया तिथंच पाण्यालगत घागर बुडवून पाणी भरायच्या. जातीजातीच्या वेळा ठरलेल्या होत्या आणि त्यावरूनही कटकटी व्हायच्या, पण ते इथं सांगत बसत नाही.

ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांना तो काय असतो ते सांगायला हवं. आताच्या लेकरांना हा शब्दही ठाऊक नाही, आणि ते बरंच आहे. नारू म्हणजे दोऱ्याएवढा बारीक, पांढरा किडा. माणसाच्या कातडीखाली वाढतो, वाढून हातभर लांब होतो आणि मग घोट्याशी नाहीतर गुडघ्याशी फोड फोडून तोंड बाहेर काढतो. फोडाची आग अशी की धट्टीकट्टी माणसं लेकरासारखी रडायची. बाहेर आलेलं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज अर्धं बोट, एक बोट असं जपून ओढत राहायचं. घाई केली आणि मध्येच तुटला तर आत राहिलेला भाग सडतो, पाय सुजतो आणि मग कुणाचा पाय जातो, कुणाचा जीव. उन्हाळ्यात आमच्या गावात घरटी एकजण तरी काडी बांधून ओट्यावर बसलेला असायचा.

नारू दिसला की आईला पाय कबूल करायचा, ही आमच्याकडची रीत. पाच दिवस सकाळी शेवटच्या कोरड्या पायरीवर बसायचं आणि दुखरा पाय पाण्यात सोडायचा. थंड पाण्यानं आग शमायची. फोडातून दुधासारखं काहीतरी पाण्यात उतरायचं, आणि लोक हात जोडून म्हणायचे, आईनं ओढून घेतलं. शेजारी बाया घागरी भरत असायच्या. त्यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. मीही लहानपणी तेच पाणी प्यायलो होतो.

मग एका वर्षी सरकारचा एक डॉक्टर खुर्दबीन, म्हणजे सूक्ष्मदर्शक, घेऊन आला. आमच्या शाळेच्या ओसरीवर टेबल मांडून त्यानं बारवेच्या पाण्याचा एक थेंब काचेवर ठेवला आणि मला डोळा लावायला सांगितलं. मी पाहिलं. त्या थेंबात काहीतरी झटके देत पळत होतं, एक नव्हे, चार. डॉक्टरनं सगळं उलगडून सांगितलं. पाय पाण्यात सोडला की नारू आपली पिल्लं पाण्यात टाकतो. ती पिल्लं ह्या झटके देणाऱ्या किड्याच्या पोटात जातात. तो किडा पाण्याबरोबर आपल्या पोटात जातो, आणि त्यानंतर साधारण वर्षानं आपल्या पायातून नारू बाहेर येतो. उपाय दोन. बारवेत पाय घालणं बंद करा, नाहीतर पाणी दाट कापडातून गाळून प्या. पहिला उपाय खरा, दुसरा त्याच्या खालचा, असं तो स्पष्ट बोलला होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी काठी घेऊन बारवेच्या वरच्या पायरीवर उभा राहिलो आणि नारूवाल्या माणसांना खाली उतरू देईना. पुजारी धावत आला. माणसं जमली. दोघातिघांनी माझी गचांडी धरली, आणि खरं सांगतो, मार पडला असता तर मला बरंच वाटलं असतं. पण मला गार केलं ते एका म्हाताऱ्यानं. त्याच्या दोन्ही पायांना काड्या बांधलेल्या होत्या. तो रडत म्हणाला, "मास्तर, आईनं पाय न्हाई धरला तर माझा पाय कोण धरंल?" मी काठी टाकून शाळेत आलो.

आमचे हेडमास्तर बिदरच्या मैलूरचे. शांत, हडकुळे, पाच वेळची नमाज न चुकता पढणारे, आणि वर्गात मुलांना पाऊस कसा पडतो, ग्रहण कसं लागतं हे इतकं सुंदर समजावणारे की मी दाराआड उभा राहून ऐकायचो. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाले, "दीन अपनी जगा है मास्टर, साइन्स अपनी जगा. दोनों के बीच में आप कायकू खड़े?" माणसानं आधार कुणाकडं मागावा, मरण कसं सोसावं, हे धर्मानं सांगायचं. पाण्यात काय आहे, ते शास्त्रानं. एकानं दुसऱ्याच्या वावरात नांगर घालू नये. त्यांनी हे एवढ्या शांतपणे सांगितलं की माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वाटलं, अरे, हे इतकं सोपं होतं आणि मी उगाच काठी घेऊन उभा राहिलो.

त्याच आठवड्यात चावडीत बैठक बसली, आणि तिथं मी ते चार शब्द बोललो. पाय देवीचे, घागर आपली. ज्यांनी पाय कबूल केलाय त्यांनी खुशाल पाण्यात सोडावा, तो त्यांचा आणि आईचा मामला. पण घागर घरी गेली की ती आपली. तिच्या तोंडाला चौपदरी फडकं बांधायचं आणि त्यातून गाळल्याशिवाय घोटभर पाणी प्यायचं नाही. पुजारी खूष, कारण त्याचं काही गेलं नाही. बाया खूष, कारण फडकं बांधायला काही लागत नाही. डॉक्टरनं सांगितलेला पहिला उपाय मी तिथल्या तिथं पुरून टाकला, आणि वर माझं कौतुक झालं.

त्यानंतर मी गावाला सळो की पळो करून सोडलं. कुणाच्याही घरात शिरायचो, माठ बघायचो, फडकं नसलं तर माठ अंगणात पालथा. बाया मला पाहून पदर तोंडावर ओढायच्या आणि पदराआडून काय काय म्हणायच्या ते मला ऐकू यायचं. पण फडकी बांधली जायला लागली. पुढच्या उन्हाळ्यात ओट्यावर काड्या बांधून बसलेली माणसं कमी झाली. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कमी. मी गावातून छाती काढून चालायचो.

आमच्या घरातलं फडकं लेकीच्या ताब्यात होतं. दोन लेकरं मातीआड गेल्यावर राहिलेली ही एकटी. तेव्हा आठ वर्षांची असेल. माझ्या जुन्या धोतराचा एक चौकोन तिनं स्वतः फाडून घेतला होता. तो रोज धुवायची, उन्हात वाळवायची, आणि बांधताना कालची वरची बाजू आज खाली जाऊ नये म्हणून एका कोपऱ्याला तिनं लाल दोऱ्याची गाठ मारून ठेवली होती. ही खूण तिची तिनंच काढली, मी सांगितली नव्हती. खटकचिंचोळीला मावशीकडं लग्नाला गेलो तर ते फडकं कमरेला खोचून घेऊन आली. पंगतीत वाढप्याला विचारायची, गाळलंय का? न गाळलेलं असलं की तांब्यावर फडकं पसरून आपलं आपण गाळून घ्यायची. सगळा मांडव हसायचा, मास्तरची लेक म्हणून. मी वरवर रागवायचो. आतून मला एवढा आनंद व्हायचा की विचारू नका.

चैत्रात बारवेच्या आईची जत्रा. त्या वर्षी पाणी फार खाली गेलं होतं, सतराव्या पायरीपर्यंत कोरडं. पुजारी पहाटे तांब्याचा गडवा पाण्याच्या कडेला बुडवून भरायचा, त्यात तुळस आणि हळद टाकायचा आणि आलेल्या प्रत्येकाच्या उजव्या तळहातावर पळीभर तीर्थ घालायचा. आम्ही रांगेत उभे होतो. पुढं माणसं, मागं माणसं, माझ्या मागं पाटील. लेकीची पाळी आली. तिनं कमरेचं फडकं काढलं, चौपदरी केलं, लाल गाठ वर आली का ते पाहिलं, आणि तळहातावर पसरून हात पुढं केला.

पुजाऱ्याची पळी वरच्या वर थांबली. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "मास्तर, काय करायलीय ही?"

मी जन्मभर क्षुल्लक गोष्टींवर भडकत आलो, खडू मोडल्यावर भडकलो, माठ पालथे केले, काठी घेऊन उभा राहिलो. त्या वेळी मात्र माझा राग कुठं गेला होता देव जाणे. मी समंजस झालो. माझ्या मनात आलं, ही जागा देवीची, इथं आपलं काही नाही. आपणच रेघ ओढली, आपल्याच लेकीनं ती ओलांडली, तर उद्या गाव फडकी सोडून देईल आणि दोन वर्षांचं काम पाण्यात जाईल. हे कारण खरं होतं. त्याच्याखाली दुसरं कारण होतं, पाटलासमोर वाटलेली लाज. तेही खरं होतं. मी वाकलो, माझ्या हातानं तिच्या तळहातावरचं फडकं उचललं आणि म्हणालो, "माय, हे पाणी न्हाई, तीर्थ हाय. हितं शाळेचं चालत न्हाई."

तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. उद्धटपणे नाही. वर्गात एखाद्या गुणी लेकराला शंका येते तसं तिनं विचारलं, "मग ह्यात किडे नसत्यात?"

मी म्हणालो, "नसत्यात."

तिनं हात पुढं केला. पुजाऱ्याला बरं वाटलं असावं, त्यानं हसून एक पळी घातली, आणि लेकरू म्हणून मायेनं आणखी एक. ती प्यायली आणि ओला हात डोक्यावरून फिरवला, तिच्या आईनं शिकवलं होतं तसा. खाली पाण्याच्या कडेला तीन माणसं पाय सोडून बसलेली होती. मला ती दिसत होती. मी त्यांना पाहिलं आणि फडकं खिशात घातलं.

पुढचं वर्ष कसं गेलं ते मला आठवतही नाही, इतकं ते साधं गेलं. आणि मग पुन्हा चैत्र संपता संपता लेकीच्या डाव्या गुडघ्याच्या मागं खाज सुटली. मग फोड आला. मग एका सकाळी फोड फुटला आणि पांढरं टोक दिसलं. मी आधी बायकोवर तुटून पडलो. न गाळता पाणी दिलंस, माहेरी नेलंस, लग्नात प्यायली असेल. ती बिचारी शपथा घेत राहिली, एक थेंब बी न गाळता दिला असंल तर माझी जीभ झडू दे म्हणाली. लेक खाटेवरून म्हणाली, आई खरं बोलायलीय अप्पा, म्या कुठंच तसं पाणी न्हाई पिलं. मी ओरडत ओरडत शाळेत गेलो. तिथं खुर्चीवर बसलो आणि डॉक्टरचं बोलणं आठवलं. साधारण वर्ष. मी बोटांवर महिने मागं मोजत गेलो, फाल्गुन, माघ, पौष, आणि चैत्राशी बोट थांबलं. त्या उन्हाळ्यात गावात आणखी पाचसहा लेकरांना नारू झाला. सगळ्यांच्या घरी फडकी होती. सगळ्यांना पुजाऱ्यानं दोन दोन पळ्या दिल्या असतील.

घरात बायकोनं पाय कबूल केला. म्हणाली, पाच दिवस आईच्या पाण्यात पाय सोडू द्या, लेकराची आग तरी कमी होईल. मी नाही म्हणालो. तिनं मला माझेच चार शब्द ऐकवले, पाय देवीचे म्हणून. मी तरीही नाही म्हणालो, आणि ती माझ्याशी बोलायची बंद झाली. मी रोज सकाळी स्वतः काडीवर नारू गुंडाळायचो. लेक दात आवळून भिंतीकडं बघायची. आठव्या दिवशी तिनं झोपेत पाय ताणला आणि तो तुटला. दुसऱ्या दिवशी मांडी सुजली, ताप चढला. बैलगाडीत गवत घालून तिला बिदरच्या दवाखान्यात नेलं. त्यांनी चिरा देऊन पू काढला, जीव वाचवला. गुडघा मात्र वाकला तो वाकलेलाच राहिला. ती काठी घेऊन घरी आली.

हेडमास्तर भेटायला आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, फडक्याचंही. ते खाली मान घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "मैं तो किताब की बात बोल्या था, मास्टर." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांच्यावर माझा राग नव्हता. त्यांनी सांगितलं होतं की दोन वावरं वेगळी. पळीत काय आहे असं लेकरानं विचारलं तर कुणाच्या वावरात उभं राहून उत्तर द्यायचं, हे त्यांना मी विचारलंच नव्हतं.

इथवरचं मी सोसलं असतं. माणूस पाप करतो, ते घेऊन जगतो. पण घरी आल्यावर महिनाभरानं लेक आईजवळ जे बोलली ते मला सोसलं नाही. ती म्हणाली, मी तीर्थावर फडकं धरलं म्हणून बारवेची आई कोपली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. गावात कुजबुज होती, पण तिच्यापर्यंत जायच्या आधीच तिनं स्वतः शोधून काढलं. माझीच लेक, कारण शोधल्याशिवाय तिला राहवत नसे. पाय कामून गेला, का गेला, हा तिचा प्रश्न. माझ्या शास्त्राचं उत्तर होतं, बापाच्या हातानं. तिच्या देवाचं उत्तर होतं, तुझ्या हातानं. प्रश्न एकच, पाय एकच, आणि मी गावाला सांगत फिरलो होतो की दोन्ही कधी समोरासमोर यायचेच नाहीत.

मी तिला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उद्या सांगू, बरी झाली की सांगू, मोठी झाली की सांगू. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. ती मला 'अप्पा' म्हणून हाक मारायची त्या आवाजात काहीतरी बदलेल, एवढीच भीती. एवढ्याशा भीतीसाठी मी एका लेकराला वर्षानुवर्षं देवीची गुन्हेगार म्हणून जगू दिलं. दर चैत्रात ती पाण्यापर्यंतच्या साऱ्या पायऱ्या बसून उतरायची, एकेक पायरी, काठी हातात धरून, ताठ न होणारा पाय सांभाळत. खाली जाऊन नाक घासायची, तीर्थ घ्यायची आणि तशीच बसून वर चढायची. लोक म्हणायचे पोरगी मोठी भाविक. ते पाणी न गाळलेलंच असायचं, पुन्हा नारू झाला नाही हे नशीब. मी वर उभा असायचो, तिचं लुगडं दगडावर घासलं जाताना बघत. तिला मागणी आली नाही. दोनतीन ठिकाणी मीच गेलो होतो, पायाचं ऐकून लोक पाणी देऊन वाटेला लावायचे.

अशी दहा वर्षं गेली. शेवटी एक वर्ष असं आलं की निजामाच्या सगळ्या मुलखात दंगलींची धामधूम होती. शाळा उघडत नव्हती, औरादच्या बाजाराला जायलाही माणसं धजत नव्हती, कोण कुणाला कुठं गाठेल याचा नेम नव्हता. हेडमास्तर बिदरला निघून गेले होते. तशातच चैत्र आला. लेकीचा चांगला पायही आता भार घेऊन घेऊन दुखायला लागला होता. ती चार पायऱ्या उतरली आणि पाचव्या पायरीवर बसून राहिली. खाली जाववेना, वर येववेना. तिला दोघी बायांनी धरून घरी आणलं. घरी आल्यावर ती रडली. मी तिला पायासाठी कधी रडताना पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, आता आईची माफी राहूनच गेली.

मग मात्र मी सांगितलं. ती माठाशी बसून फडकं बांधत होती. होय, ती अजूनही गाळायची, कोपऱ्याला लाल गाठ मारून. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि एका दमात सगळं बोललो. पायातून पाण्यात काय पडतं, गडवा कुठं बुडवला होता, वर्ष कसं मोजलं, त्या दिवशी खाली तीन माणसं कशी बसली होती. म्हणालो, तुझी चूक नव्हती माय, तुझंच बरोबर होतं. त्या सगळ्या रांगेत एकटी तू बरोबर होतीस, आणि फडकं मी काढलं. तिनं सगळं ऐकलं. गाठ पक्की केली, माठ जागेवर सारला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अप्पा, माझ्यासाठी सोताला कामून बोल लावून घ्यायलाव?" ती म्हणाली. "तुमीच म्हणलाव की, हितं शाळेचं चालत न्हाई."

तिला वाटलं बाप मायेपोटी खोटं बोलतोय, लेकीचा गुन्हा आपल्या अंगावर घेतोय. मी शपथ घेतली. ती हसली, आणि त्या हसण्यात माझ्यावर इतकी माया होती की मला तिथंच मरण आलं असतं तर बरं झालं असतं. दहा वर्षं मी ज्या आवाजाला भीत होतो तो बदललाच नाही. मी कितीही ओरडलो असतो तरी आता ते तिच्यापर्यंत पोचणार नव्हतं, कारण मधली भिंत मीच बांधून दिली होती. तिनं फक्त एवढंच मागितलं की मी खाली जाऊन तिच्यासाठी तीर्थ आणावं.

मी गेलो. पाण्यापर्यंत पायऱ्या उतरलो. त्या साली पाण्याच्या कडेला दोघं पाय सोडून बसले होते. पुजाऱ्यानं माझ्या पंचपात्रीत तीर्थ घातलं. वर येताना मधल्या वळणाच्या पायरीवर, जिथं वरूनही कुणाला दिसत नाही आणि खालूनही नाही, तिथं मी थांबलो. खांद्यावरचं उपरणं चौपदरी केलं आणि ते तीर्थ त्यातून सोबत नेलेल्या वाटीत गाळलं. तुळशीची पानं वर राहिली, ती पुन्हा वाटीत टाकली. थोडं सांडलं.

घरी ती डोक्यावर पदर घेऊन वाटच बघत बसली होती. तिनं उघडा तळहात पुढं केला. मी पळीभर तीर्थ घातलं. प्यायच्या आधी माझ्याकडं पाहून तिनं विचारलं, "असंच आणलाव न्हवं अप्पा? गाळलं न्हाई न्हवं?"

मी म्हणालो, "न्हाई."

तिनं डोळे मिटून ते पिऊन घेतलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. त्यानंतर दर चैत्रात मीच तीर्थ आणायला जातो, ती दर वेळी विचारते, आणि मी दर वेळी न्हाई म्हणतो.